विद्वत्तेचें मोजमाप

विद्वानाची योग्यता आंकड्यांनीं ठरवितां येते काय, हा प्रश्न गेल्या महिन्यांत जासई येथें एका स्नेह्यांच्या ओटीवर आमच्यापुढें उभा राहिला. त्यांचा पुतण्या मेंदूवर होणाऱ्या औषधांच्या परिणामांचा अभ्यास करितो. चार वर्षें खपून त्यानें एक निबंध सिद्ध केला आहे. तो अखंड प्रसिद्ध करावा, कीं त्याचे तीन तुकडे करून तीन नियतकालिकांकडे धाडावे, या विवंचनेंत तो होता. तुकडे केल्यास यादी लांबते व नोकरीचा संभव वाढतो. "मी खोटें अक्षरही लिहिणार नाहीं, मग यांत पाप कोणतें?" असें त्यानें आम्हांस विचारलें.

मोजणाऱ्या पक्षाचें म्हणणें प्रथम ऐकून घेतलें पाहिजे. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढें कोणीं केला, याची सूचि १९६४ सालीं यूजीन गारफील्ड यांनीं प्रसिद्ध केली. २००५ सालीं होर्हे हर्श या पदार्थविज्ञानवेत्त्यानें अशा उल्लेखांवरून एक अंक बसविला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकीं निदान वीस वेळां उल्लेख झाला, त्याचा अंक निदान वीस. यांत एक न्याय आहे. वशिला नसलेल्या खेड्यांतील मुलाचें कामही हिशेबांत धरलें जातें. हा लाभ क्षुल्लक नव्हे.

परंतु ही मोजणी आजचेंच पाहते. सर्पगंधेचें उदाहरण घ्या. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व रक्तदाब यांवरील या मुळीचा गुण १९३१ सालीं एका भारतीय वैद्यकीय मासिकांत मांडला. पाश्चात्य वैद्यकाचें लक्ष तिकडे जवळजवळ वीस वर्षें गेलें नाहीं. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें प्रसिद्ध केला, तेव्हां बोस्टनच्या डॉक्टरांनीं तें औषध हातीं घेतलें. १९५२ सालीं बाझल येथील सिबाच्या शास्त्रज्ञांनीं मुळींतून रेसर्पिन वेगळें काढलें. १९५४ सालीं नेथन क्लाइन यांनीं मनोरुग्णांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. या द्रव्यानें मेंदूंतील सेरोटोनिन घटतें असें १९५५ सालीं दिसून आलें. १९५७ सालीं आर्विड कार्लसन यांनीं रेसर्पिननें निश्चल झालेले प्राणी एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. त्यांतून कंपवाताच्या उपचाराची वाट निघाली, आणि २००० सालच्या नोबेल पारितोषिकांत कार्लसन वांटेकरी झाले. १९४१ सालीं कोणी सेन-बोस यांच्या त्या निबंधाचे उल्लेख मोजावयास बसता, तर त्याच्या हातीं काय लागतें?

शिवाय उल्लेख आदरानें केला कीं खंडनासाठीं, हें आंकडा सांगत नाहीं. रेसर्पिननें रोग्यांस खिन्नता येते कीं काय, यावर पुढें पुष्कळ वाद झाला. अशा वादांत एका पक्षाला दुसऱ्याचें नांव घ्यावेंच लागतें, आणि चुकणाऱ्याचाही अंक वाढतो.

जासईकरांस मोजणीची अपूर्णता शिकवावयास नको. १९७० नंतर नव्या शहरासाठीं या भागांतील जमिनी एकर-गुंठ्यांत मोजल्या गेल्या; पण त्यांवर जगणाऱ्या कुटुंबांचें पुढें काय, हें त्या मापांत बसलें नाहीं. याच गांवचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जानेवारी १९८४ मध्यें झालेल्या लढ्यांत गोळीबारानें पांच जणांचे प्राण घेतले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचें तत्त्व मान्य झालें. त्या दुःखाशीं निबंधांच्या यादीची तुलना करणें अनुचित होईल. तरी चूक एकाच जातीची आहे: जें सहज मोजतां येतें, तेंच सर्वस्व समजणें.

आतां त्या तरुणाच्या प्रश्नाचें उत्तर. पाप केवळ खोटें लिहिण्यांतच असतें असें नाहीं. एकाच रुग्णसमूहावरील तीन निबंध दूरच्या डॉक्टरास तीन स्वतंत्र पुरावे वाटूं शकतात. किंवा त्यांतला एकच हातीं पडून अर्ध्या माहितीवर तो औषध देतो. याचें मोल रोगी भरतो. म्हणून निबंध अखंड धाडावा, असें आम्हीं त्यास सांगितलें.

परंतु हें सांगणें आम्हांस सोपें होतें. नोकरी आमची जाणार नव्हती. एकट्या तरुणानें सचोटीनें वागावें आणि त्याची निवड करणाऱ्यांनीं मात्र याद्यांची लांबी पाहावी, ही वांटणी न्यायाची नव्हे. आमच्या वाचकांपैकीं जे निवडमंडळांवर बसत असतील, त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, उमेदवाराचा अंक अवश्य पाहावा; पण त्यापूर्वीं त्याचा एक निबंध, तो स्वतः सांगेल तो, आरंभापासून शेवटपर्यंत वाचावा.