हेडमास्तरांची नजर

नांदेडच्या शंकरराव चव्हाणांना लोक ‘हेडमास्तर’ म्हणत. १९७५ आणि १९८६ साली, असे दोनदा ते मुख्यमंत्री झाले. पण चिकटले ते हेच नाव.

लातूरच्या आमच्या वाचनालयासाठी त्यांचे चित्र काढायला एका पेंटरला सांगितले. एरवी दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. गिऱ्हाईक खूश ठेवायची सवय! त्याने साहेबांना छान हसवले. मंडळी म्हणाली, “हे कोण?” त्याने ओठ मिटवले. आता साहेब चिडलेले दिसू लागले. मी म्हटले, “बाबा रे, कडक म्हणजे रागीट नव्हे. जायकवाडीचा ध्यास घेणारा माणूस आपल्यावर रागावेल कसा?”

“मग कडकचा रंग कोणता, तेवढं सांगा,” पेंटर म्हणाला.

शेवटी त्याने नुसती नजर सरळ केली. चित्र लागले त्या दिवशी आमचे सेक्रेटरी पान चघळत आत आले, चित्रापुढे थबकले आणि मुकाट्याने बाहेर जाऊन चूळ भरून आले. मला वाटले, जमले! माणसाचा स्वभाव चित्रात नव्हे, बघणाऱ्याच्या वागण्यात उमटतो.

पण महिन्याभरात त्यांना त्या नजरेची सवय झाली. आता ते पान चघळतच चित्राला हार घालतात. रंग उडाला खरा. पण चित्राचा नव्हे.