मंडळीचा इतिहास म्हणजे कोणाचा इतिहास?

एखाद्या गांवच्या मंडळीचा सुवर्णमहोत्सव आला म्हणजे तिचा इतिहास वाचून दाखविण्याची चाल आपणांमध्यें आहे. उपासनामंदिराचा पाया कोणत्या सालीं घातला, खर्च किती आला, कोणकोणते पाळक होऊन गेले, घंटा कोणीं दिली, हें सर्व त्यांत येतें, आणि तें येणें योग्यच आहे. तथापि मंडळी म्हणजे भिंती नव्हेत, माणसें होत, हें आपण बाप्तिस्म्याच्या प्रत्येक उमेदवारास शिकवितों. मग दगडविटांचा हिशेब लिहिला, आणि ज्यांच्याविषयीं बोलणें जड जातें अशा माणसांस वगळलें, तर तो इतिहास खरा म्हणावा काय? शिवाय, संकटाच्या वेळीं ज्यांना एकटें टाकलें त्यांचीं नांवें पुढें दगडावर कोरून मंडळीनें त्यांचा मान आपल्याकडे घ्यावा काय? या प्रश्नांचा विचार करण्यास इंग्लंडांतील एका लहानशा मेथडिस्ट मंडळीची हकीकत उपयोगी पडेल.

इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट नांवाचा परगणा आहे. तेथें डॉर्चेस्टर शहरापासून सुमारें ७ मैलांवर टॉलपडल हें खेडें आहे. १८१८ सालीं तेथील मेथडिस्ट लोकांसाठीं मातीच्या भिंतींची एक लहानशी प्रार्थनेची जागा बांधली गेली. या मंडळींत जॉर्ज लव्हलेस नांवाचा एक शेतमजूर होता. त्याचा जन्म १७९७ सालचा. शाळेचें शिक्षण त्यास फारसें मिळालें नव्हतें. पण स्वतःच्या मेहनतीनें लिहिणें वाचणें शिकून त्यानें धर्मविषयक पुस्तकांचा एक लहान संग्रह केला होता. आठवडाभर दुसऱ्याच्या शेतांत नांगर धरावा आणि रविवारीं आसपासच्या गांवीं पायीं जाऊन उपदेश करावा, असा त्याचा क्रम असे. त्याचा भाऊ जेम्स हाही उपदेशक होता. आपल्या खेड्यांतील उपदेशकांस ही राहणी परकी वाटणार नाहीं.

त्या वेळीं टॉलपडल येथें मजुराची आठवड्याची मजुरी ९ शिलिंग होती. ती ८ वर आली, मग ७ वर आली, आणि पुढें ६ च मिळतील असें सांगण्यांत आलें. आसपासच्या भागांत १० शिलिंग मिळत असत. लव्हलेस यानें पुढें लिहून ठेविलें आहे कीं, इतर ठिकाणांप्रमाणें मजुरी देण्याचें मालकांनीं प्रथम कबूल केलें होतें, आणि गांवच्या राजमान्य चर्चचा पाळक त्या कराराला साक्षी होता. परंतु मालकांनीं वचन मोडलें तेव्हां त्या पाळकानेंही आपली साक्ष नाकारली. तेव्हां १८३३ सालीं मजुरांनीं एकमेकांस आधार देण्यासाठीं एक संस्था काढिली. संस्था काढणें हा गुन्हा नव्हता. मजुरांच्या संघांवरील बंदी १८२४ सालींच उठली होती. पण आंत येणाऱ्यांकडून गुप्त शपथ घेतली जात असे, एवढेंच निमित्त सांपडलें. आरमारांतील बंडानंतर १७९७ सालीं केलेला शपथांविषयींचा कायदा शोधून काढण्यांत आला, आणि २४ फेब्रुवारी १८३४ रोजीं सहा जणांस धरून पायीं डॉर्चेस्टरला नेलें. लव्हलेसनें न्यायाधीशास लिहून दिलें कीं, आम्हीं कोणाच्या अब्रूला, अंगाला किंवा मालमत्तेला धक्का लाविला नाहीं. बायकामुलांवर उपासमार येऊं नये एवढ्याचसाठीं आम्ही एकत्र झालों. तरी मार्च महिन्यांत सहाही जणांस सात वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्यांना आस्ट्रेलियाकडे पाठविण्यांत आलें.

या सहांपैकीं पांच जण मेथडिस्ट होते. सहावा जेम्स हॅमेट हा मात्र त्यांच्या उपासनेस जाणारा नव्हता, आणि पूर्वीं चोरीबद्दल शिक्षाही भोगून आला होता. असें सांगतात कीं, शपथेच्या वेळीं तेथें हजर होता तो त्याचा भाऊ. पण भावाची बायको गरोदर होती, म्हणून त्याच्या ऐवजीं हॅमेट मुकाट्यानें शिपायांबरोबर गेला. वाचकहो, प्रभूची सर्वांत मोठी प्रीति कोणती हें त्या मंडळींत कितीदां वाचलें गेलें असेल! आणि ती करून दाखविली मंडळीच्या यादींत ज्याचें नांव नव्हतें त्यानें.

या काळांत मेथडिस्ट मंडळीच्या वरिष्ठांनीं काय केलें? त्यांनीं या बंधूंचा कैवार घेतला नाहीं. त्यांच्या बाजूनें अर्ज केले, वर्गणी जमविली आणि २१ एप्रिल १८३४ रोजीं लंडनमध्यें प्रचंड मिरवणूक काढिली ती मुख्यतः मजुरांच्या संघांनीं. वरिष्ठांच्या भीतीला कारण नव्हतें असें नाहीं. फ्रान्सांतील राज्यक्रांतीपासून मेथडिस्ट लोकांवर राजद्रोहाचा संशय घेतला जात असे, आणि आपण राजनिष्ठ आहों हें दाखविण्याची त्यांना काळजी होती. एकदां संशय पक्का झाला तर सर्व मंडळ्यांस त्रास होईल, असा तो विचार. हा विचार मूर्खपणाचा नव्हे, म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे. मंडळी वाचावी म्हणून मंडळीतील माणूस सोडून द्यावा काय? प्रभूच्या दाखल्यांतील मेंढपाळ शहाणा हिशेबनीस असता, तर नव्याण्णवांस रानांत ठेवून एकासाठीं निघाला नसता. त्याचा हिशेब वेगळा होता. एकाला सोडण्याची संवय लागली म्हणजे कळपाचा कळपपणाच जातो, हें तो जाणत होता.

कोणी म्हणेल, चाकरांनीं धन्याची आज्ञा पाळावी असें शास्त्र सांगतें. मजुरीच्या भांडणांत मंडळीनें कशाला पडावें? यावर उत्तर एवढेंच कीं, याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायांत मजुरी अडकवून ठेवणाऱ्या धनवानांस काय बजाविलें आहे, तें वाचकांनीं स्वतः काढून पाहावें. लव्हलेस यानें कोणाची गंजी जाळिली नाहीं, कोणाचें यंत्र मोडिलें नाहीं. त्यानें प्रथम समेट मागितला, आणि वचन मोडलें गेल्यावर एकी केली. यांत कोणती आज्ञा मोडली?

लोकांच्या मागणीमुळें १८३६ सालीं सहाही जणांस माफी मिळाली, आणि १८३७ ते १८३९ या काळांत ते परत आले. पुढें पांच जण कुटुंबांसह कानडांत जाऊन शेती करूं लागले. लव्हलेस तेथेंच १८७४ सालीं मरण पावला. हॅमेट मात्र टॉलपडल येथें राहिला. म्हातारपणीं दृष्टि गेल्यावर घरच्यांवर भार नको म्हणून तो डॉर्चेस्टरच्या गरीबखान्यांत गेला असें सांगतात, आणि १८९१ सालीं तेथेंच वारला. १८१८ ची ती जुनी जागा पुढें शेतीचें सामान ठेवण्याच्या कामीं आली. तिची डागडुजी करून ती जतन करण्याचें काम आपल्या शतकांत हातीं घेण्यांत आलें. मेथडिस्टांनीं १८६३ च्या सुमारास दुसरें उपासनामंदिर बांधिलें होतें. त्याच्या पुढें १९१२ सालीं या सहा जणांच्या स्मरणार्थ दगडी कमान उभारिली गेली. शिक्षेला तेव्हां ७८ वर्षें झालीं होतीं, आणि हॅमेटला जाऊन २१. त्याच्या थडग्यावरचा कोरीव दगड तर १९३४ सालचा.

ती कमान उभारणाऱ्यांना मी दोष देत नाहीं. गप्प बसले ते त्यांच्या आधीच्या पिढ्यांतले. उशीरां का होईना, कैदी म्हणून नेलेल्यांचीं नांवें त्यांनीं उपासनेच्या दारावर आणिलीं, हें चांगलेंच झालें. पण संदेष्ट्यांचीं थडगीं शृंगारणाऱ्यांस प्रभूनें काय म्हटलें तें आपणांस ठाऊक आहे. स्मारक दोन रीतींनीं उभारतां येतें. हे आमचे वीर, असें म्हणून त्यांचा मान आपल्या अंगावर घेतां येतो. किंवा यांना आम्हीं एकटें सोडिलें होतें, असें कबूल करून मान खालीं घालितां येते. दगड तोच, कोरणारा तोच; पण पहिली रीत गर्वाची आणि दुसरी पश्चात्तापाची. आणि खरा पश्चात्ताप ओळखण्याची खूण ही कीं, तो माणसाला आजच्या दुःखिताकडे वळवितो.

म्हणून, बंधूंनो, आपल्या मंडळीचा इतिहास लिहावयास बसाल तेव्हां एक पान अधिक जोडा. सावकाराशीं किंवा जमीनदाराशीं तंटा पडला तेव्हां आपल्यापैकीं कोण एकटा कचेरींत उभा राहिला? मजुरी मागितली म्हणून कोणाचें काम गेलें, आणि आपण पंचांनीं त्यास काय सांगितलें? मंडळीबाहेरचा असून कोणीं आपल्या माणसासाठीं सोसलें? त्या पानावर ज्यांचीं नांवें येतील त्यांच्यापैकीं जे हयात असतील त्यांच्या घरीं महोत्सवाच्या आधीं जा. हॅमेटला भाकर आणि आधार पाहिजे होता तेव्हां तो गरीबखान्यांत होता. दगड मिळाला तो मेल्यावर. आपल्या मंडळीच्या इतिहासांत तरी भाकर आधीं यावी.