पुन्हा कर

‘पुन्हा कर’ हे दोन शब्द बोलायला फार सोपे आहेत. शाळेत पाढा चुकला की गुरुजी म्हणायचे, तालमीत डाव फसला की वस्ताद म्हणायचा, आणि आता टीव्हीवरचे पाहुणे म्हणतात. शेतकऱ्यांनी खचून जाऊ नये, पुन्हा उभं राहावं. ऐकायला चांगलंच वाटतं. त्यात वाईट काय आहे? पण असं दुसऱ्याला सांगायचा हक्क कुणाला असतो, याचा विचार मी साठी ओलांडेपर्यंत कधी केला नव्हता. तो करावा लागला एका अर्ध्या वितीच्या विमानापायी.

माझा नातू तेव्हा आठवीत होता. त्याच्या मामानं पुण्याहून एक डबा पाठवला. डब्यात विमान नव्हतं, विमानाचे तुकडे होते. चिंचेच्या झाडाला आकडे लोंबावेत तसे प्लास्टिकच्या चौकटीला लोंबकळलेले. ते एकेक कापून घ्यायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. नातू म्हणाला, “आबा, ह्ये टायगर मॉथ हाय.” मग त्यानं मला त्याची सगळी कुंडली सांगितली. १९३१ साली इंग्लंडात हे विमान पहिल्यांदा उडालं. पंखांच्या दोन जोड्या, एक खाली, एक वर. मधे दांड्या आणि ताणलेल्या तारा. अंगानं हलकं, पंख लाकडाचे आणि वर कापड. वैमानिकांना शिकवायला म्हणून बनवलेलं. अशी ८,००० हून जास्त विमानं झाली, आणि आपल्या हवाई दलाची पोरंही यावरच शिकली. दुसरं महायुद्ध संपल्यावर न्यूझीलंडात याच विमानांतून डोंगरावरच्या कुरणांना खत टाकलं म्हणे. हे ऐकल्यावर मी जरा सरसावून बसलो. खत म्हटलं की आपला विषय.

खऱ्या विमानाचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत २९ फुटांहून थोडा जास्त. डब्यातलं विमान त्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं. म्हणजे सहा फुटी माणूस एका इंचाचा, आणि सगळा पंख बारा-साडेबारा सेंटिमीटरचा. एवढ्याशा कामाला असा कितीसा वेळ लागणार, असं कुणालाही वाटेल. पोरगं महिनाभर त्याच्या मागं होतं.

पहिल्यांदा धडाचे दोन अर्धे भाग जोडले, तर मधे फट राहिली. फटीत पुट्टी भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासली, तरी रेघ दिसत होती. पुन्हा भरली, पुन्हा घासली. मग एक दांडी चिमट्यातून निसटली आणि टुणकन कुठं उडाली ती सापडलीच नाही. सूनबाईनं सगळी पडवी झाडून काढली, गोधड्या झटकल्या. शेवटी पोरानं उरलेल्या चौकटीचा तुकडा तासून नवी दांडी केली. पंखावरचं गोल चिन्ह पाण्यात भिजवून सरकवायचं असतं, ते पापुद्र्यासारखं स्वतःवरच दुमडलं. जोर लावला असता तर फाटलंच असतं. ते परत पाण्यात सोडून ओल्या ब्रशानं हळूहळू उलगडलं.

खरी परीक्षा वरच्या पंखाची. तो खालच्या पंखाच्या बरोब्बर वर नसतो, थोडा पुढं असतो, आणि पंखांची टोकं जराशी मागं झुकलेली असतात. त्याचंही कारण नातवानं मामाला फोनवर विचारून घेतलं. आधीच्या विमानात पुढच्या माणसाच्या डोक्यावर पंख आणि भोवती दांड्या. विमान पडायला लागलं तर छत्री घेऊन बाहेर निघायचं कसं? म्हणून पंख पुढं सरकवला. तर त्यानं तोल बिघडला, म्हणून पंख मागं झुकवले. एक अडचण निस्तरली की दुसरी उभी. मला हे एकदम घरचं वाटलं.

तर हा वरचा पंख आठ बारीक दांड्यांवर एकाच वेळी बसवायचा. चार बसल्या की उरलेल्या चार सुटायच्या. एके रात्री बसवून पोरगं झोपलं, सकाळी बघतो तर पंख एका अंगाला कललेला, पावसानं भिजलेल्या छपरासारखा. हा गोंद आपल्या डिंकासारखा नसतो. तो प्लास्टिकच थोडं विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. त्यामुळं सोडवायचं म्हणजे सांधा कापायचा.

“आबा, ह्ये बसंना.”

“पुन्हा कर.”

त्यानं पुन्हा केलं. तिसऱ्या खेपेला काडेपेट्यांची थप्पी रचून पंखाला खालून आधार दिला आणि रात्रभर हात लावला नाही. बसला. मग तारा. चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या धगीवर धरायचा, मऊ पडला की दोन्ही हातांनी ओढायचा. केसासारखा धागा निघतो. आधीचे कितीतरी तुटले. दरवेळी मी म्हणायचो, पुन्हा कर. आणि दरवेळी जमायचं. पोराला वाटायला लागलं, जगात असंच असतं.

त्याच महिन्यात आमची पेरणी वाया गेली.

मृगात पाऊस चांगला झाला होता. कृषी खातं सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. आमच्याकडं तेवढा झाला. थोरल्यानं गोणपाटात शंभर दाणे भिजवून ठेवले, ८० च्या वर कोंब आले. बियाण्याला औषध चोळलं. खोलवर न टाकता इंच-दीड इंचावर पेरलं. चार एकर. आणि मग पाऊस जो गेला तो वीस दिवस फिरकला नाही. कोंब वर आले, दोन पानांवर आले आणि उन्हात करपले. ओळी दिसत होत्या, पण ओळीत हिरवं नव्हतं. थोरला रोज सकाळी बांधावर जायचा आणि काही न बोलता परत यायचा.

एका संध्याकाळी टीव्हीवर कुणीतरी पाहुणे दुबार पेरणीवर बोलत होते. जिद्द सोडू नका, म्हणत होते. नातू विमानाला पिवळा रंग देत बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं,

“आबा, माझं इमान बिघडलं की कुठं बिघडलं ते दिसतंय. आपल्या रानात काय बिघडलं?”

“काही नाही. सगळं बरोबर केलं होतं.”

“मग पप्पा पुन्हा का करत न्हाईत? तुम्हीच म्हणता की, पुन्हा केलं की जमतंय.”

थोरला उंबऱ्यावरच बसला होता. त्यानं ऐकलं. उठला आणि गोठ्याकडं गेला.

पोराचं काही चुकत नव्हतं. त्याच्या हाताला जे कळलं ते तो बोलला. पण त्या बोलण्यात त्याच्या बापाचा निवाडा होता. माझं जमलं कारण मी पुन्हा केलं, म्हणजे ज्याचं जमलं नाही त्यानं पुन्हा केलं नसेल. यशाची गोष्ट ऐकता ऐकता माणूस इथवर कसा येतो ते त्याला कळतही नाही. शहरातली चांगली, शिकलेली माणसंही असंच बोलून जातात. त्यांच्या मनात खोट नसते. त्यांच्या हाताला एवढंच कळलेलं असतं की केल्यावर होतं.

त्या रात्री मी हिशेब मांडला. विमान पुन्हा करायला काय लागतं? गोंदाचा एक थेंब, पॉलिश पेपरचा तुकडा, एक संध्याकाळ. बिघडलं तरी तुकडे हातातच असतात. चूक कुठं झाली ते डोळ्यांना दिसतं आणि ती सुधारता येते. पेरणी पुन्हा करायला काय लागतं? बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी, आणि हे सगळं पहिल्या पेरणीचं कर्ज डोक्यावर असताना. चूक झालेलीच नाही, मग सुधारायचं काय? पाऊस? दोन्ही ठिकाणी शब्द एकच, ‘पुन्हा’. पण एका ठिकाणी तो थेंबाला पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी घराला.

राइट बंधूंची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. त्यांचं विमानही असंच दोन मजली पंखांचं होतं. १९०१ साली त्यांचं बिनइंजिनाचं विमान हिशेबाप्रमाणं उचलेना. मग त्यांनी घरी वाऱ्याची पेटी बनवली, पंखांचे दोनशेच्या आसपास छोटे नमुने त्यात तपासले आणि १७ डिसेंबर १९०३ ला १२ सेकंद, १२० फूट उडाले. जिद्द होतीच, ती कोण नाकारतो? पण त्यांचं सायकलचं दुकान होतं. पहिला प्रयोग फसला म्हणून त्यांची चूल विझणार नव्हती. गोष्ट सांगताना आपण जिद्द सांगतो आणि दुकान गाळतो. ऐकणाऱ्याला वाटतं, दुकान नसलं तरी चालतं.

मला उत्तराची वाट मात्र त्या टायगर मॉथनंच दाखवली. त्यात एकामागं एक अशा दोन जागा असतात. पुढं शिकवणारा, मागं शिकणारा. दोघांपुढंही विमान हाकायचा दांडा. वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून शिकवणारा नळीतून बोलायचा आणि ते शिकणाऱ्याच्या कानात पोचायचं. ही रीत पहिल्या महायुद्धात इंग्लंडात गोस्पोर्ट गावी स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्यानं बसवली. त्याचं म्हणणं असं की शिकणाऱ्याला धोक्यापासून लांब ठेवू नका. धोक्यात न्या आणि त्यातून बाहेर काढायला शिकवा. नातू हे सांगत होता आणि माझ्या मनात एकच गोष्ट बसली. नळीतून ‘पुन्हा कर’ म्हणणारा त्याच विमानात बसलेला असायचा. शिकणाऱ्याचं चुकलं तर दोघंही खाली.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात थोरल्याला गाठलं. पेर म्हणालो नाही आणि पेरू नको असंही म्हणालो नाही. म्हणालो, “दोन शेळ्या नि बोकड माझ्या नावचं समज. ते विकतो. बियाणं माझ्याकडून. बाकीचं तू बघ. गेलं तर दोघांचं जाईल.”

तो बराच वेळ वैरण टाकत राहिला. मग म्हणाला, “आणि म्या न्हाईच म्हणलो तर?”

“तर शेळ्या दावणीलाच राहतील. मी काय बोलणार नाही.”

दोन दिवस त्यानं विचार केला. आर्द्राच्या शेवटाला पाऊस वळला, तेव्हा त्यानं दोन एकर सोयाबीन पुन्हा टाकलं आणि दोन एकरांत तूर लावली, कारण उशिराच्या पेरणीला तूर धीर धरते. सोयाबीन निम्म्यावर आलं, तुरीनं हात दिला. कर्ज फिटलं नाही, पण वाढलंही नाही. नातवाला मी एवढंच सांगितलं, “तुझ्या पुन्हाला एक थेंब लागतो. तुझ्या बापाच्या पुन्हाला दोन शेळ्या आणि बोकड लागला.” तो काही बोलला नाही. रविवारी मात्र खताची पाटी घेऊन बापाच्या मागं मागं रानात फिरत होता.

पारावर हे बोललो तेव्हा एकानं विचारलं, “म्हणजे ज्याचं काही जात नाही त्यानं तोंडच उघडायचं नाही का? मग डॉक्टरनं, मास्तरनं काय करायचं?” प्रश्न रास्त आहे. सगळ्यांनी गप्प बसलं तर पडलेला माणूस आणखी एकटा पडतो, आणि कधी कधी एका शब्दानंही माणूस उठतो, हे मी पाहिलंय. पण वाटा काही पैशाचाच असतो असं नाही. माझे गुरुजी शाळा सुटल्यावर तासभर थांबून घ्यायचे, तो त्यांचा वाटा. वस्ताद स्वतः मातीत उतरून पाठ टेकायचा, तो त्याचा. डॉक्टर रात्री उठून येतो, तो त्याचा. त्यांनी ‘पुन्हा कर’ म्हटलं तर ते शोभतं. आणि ज्याला काहीच वाटा उचलता येत नाही, त्यानं सल्ला द्यायच्या आधी निदान विचारावं की बाबा, पुन्हा करायला तुझ्यापाशी काय उरलंय? उत्तर येईल ते ऐकावं. काहीच उरलं नाही असं आलं, तर त्या माणसाला हिंमत नाही असं म्हणू नये.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्याची विहीर ढासळली. तीन वर्षांची कमाई मातीत गेली. लोक भेटायला जायचे आणि म्हणायचे, होईल, पुन्हा बांधशील. मीही गेलो. म्हणालो, “बांधायची ठरवलीस तर आमचा थोरला आठ दिवस दगड उचलायला येईल.” तो म्हणाला, “यंदा नको, आबा. यंदा ताकद न्हाई.”

“बरं,” म्हणालो. त्याच्याजवळ बसलो, चहा घेतला आणि विहिरीचा विषय काढला नाही.