बहिणीचा दाखला

बाकीचे बसा. तू उभा राहा.

हा तुझा प्रकल्प अहवाल. रंगीत छपाई, स्पायरल बाइंडिंग, मुखपृष्ठावर वेटोळं घातलेल्या जंताचं चित्र. काल रात्री पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. लाल पेनाची कांडी मध्येच संपली, म्हणून उरलेलं आता तोंडी सांगते आणि सगळ्यांसमोर सांगते, कारण थोड्याफार फरकाने हीच चूक या वर्गात आणखी चौघांनी केली आहे.

विषय होता हत्तीरोगाच्या दोन जंतांमधल्या जनुक-नियमनाची तुलना. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी आणि ब्रुगिया मलायी. विषय चांगला होता, होकार मीच दिला होता. आणि पहिल्याच पानावर तू काय लिहितोस? ‘भंडारा हा तलावांचा जिल्हा असल्याने येथे हत्तीरोगाचा प्रादुर्भाव आढळतो.’ काहून रे बापा? तलावाच्या पाळीवर खेळून मोठा झालास ना तू? आपल्याकडचा हत्तीरोग वुचेरेरियाचा. तो पसरवते क्यूलेक्स डासाची मादी, आणि ती अंडी घालते तुंबलेल्या नालीत, संडासाच्या टाकीत, घरामागच्या सांडपाण्याच्या डबक्यात. पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून वाढणारा मॅन्सोनिया डास हा ब्रुगियाचा वाहक. तळी, तरंगती झाडं आणि हत्तीपाय यांची ती गोष्ट केरळातल्या चेर्थला भागाची आहे. तू ती उचललीस आणि ‘केरळ’ खोडून ‘भंडारा’ लिहिलंस. दारापुढची नाली सोडून तलावाला दोष दिलास!

पुढचा अख्खा अहवाल याच चालीचा आहे. जे ब्रुगियाबद्दल सापडलं, ते वुचेरेरियाच्या नावावर. का? तर ‘दोन्ही जाती निकटच्या असल्यामुळे’. हे वाक्य मी मोजलं, सात ठिकाणी आहे. बहिणीचा दाखला जोडून तुला कॉलेजात प्रवेश मिळाला असता का?

निकटच्या आहेत, नाही कोण म्हणतं. 1960 पर्यंत ब्रुगियाचं नावसुद्धा वुचेरेरिया मलायी होतं. बकली या शास्त्रज्ञाने त्या साली तिची प्रजाती वेगळी केली. म्हणजे तुझी गल्लत त्याआधीची असती तर निदान नावापुरती खपली असती. पण भिंगाखाली पाहा. ब्रुगियाच्या मायक्रोफायलेरियाच्या, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या अळीच्या, शेपटीत टोकापर्यंत दोन केंद्रकं दिसतात, वुचेरेरियाच्या शेपटीचं टोक रिकामं असतं. वुचेरेरियामुळे अंडवृद्धी होते. ब्रुगिया बहुतेक गुडघ्याखालीच सूज आणते, जननेंद्रियांना सहसा हात लावत नाही. दोघी राहतात लसीकावाहिन्यांतच. मग एवढा फरक कुठून येतो, हाच तर तुझा प्रश्न असायला हवा होता. उत्तर आधीच ठरवून टाकल्यावर प्रश्न उरतो कशाला?

जवळच्या नात्यावर विसंबलं तर काय होतं, याचं एक उदाहरण सांगते. आफ्रिकेतला लोआ लोआ हाही याच कुळातला जंत. वुचेरेरिया आणि ब्रुगिया या दोघींच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात, त्यांच्याशिवाय या जंतांचं भागत नाही. म्हणून डॉक्सिसायक्लिन दिलं की जिवाणू मरतात आणि मागोमाग जंत खंगतो. लोआमध्ये वोल्बाकिया नाहीच. तिथे हे औषध कुचकामी. उलट ज्याच्या रक्तात लोआच्या अळ्या खच्चून भरल्या आहेत त्याला हत्तीरोगावरचंच दुसरं औषध, आयव्हरमेक्टिन, दिलं, तर मेंदूला सूज येऊन माणूस दगावू शकतो. ‘निकटची जात’ एवढं म्हणून डॉक्टर थांबला असता तर?

आता तुझ्या मुख्य तक्त्याकडे येते. लाल-हिरव्या चौकटींचा, पानभर. एका बाजूला ब्रुगियाची प्रौढ मादी, दुसऱ्या बाजूला वुचेरेरियाची मायक्रोफायलेरिया. आणि निष्कर्ष असा की अमुक जनुकं ब्रुगियात चालू, वुचेरेरियात बंद.

घरी धानाची शेती आहे ना तुझ्या? मग सांग. एका बांधीत हलका धान, शेजारच्या बांधीत भारी. रोवणी एकाच दिवशी. हलका निसवला तेव्हा भारी अजून फुटव्यावर. त्या दिवशी बांधावर उभा राहून कोणी म्हणालं की भारी धानाला लोंबी येतच नाही, तर तुझे बाबा त्याला काय म्हणतील? तू तर त्याहून पुढे गेलास. एकीकडे कापणीला आलेला धान घेतलास, दुसरीकडे पऱ्हे, आणि जातींतला फरक सापडला म्हणून नाचलास.

हे दोन जंतसुद्धा हलके-भारीच आहेत. अळी शरीरात शिरल्यापासून रक्तात मायक्रोफायलेरिया दिसायला ब्रुगियाला साधारण तीन महिने लागतात, वुचेरेरियाला सात-आठ महिने, कधी वर्षसुद्धा. जनुकं तीच असतील, पण कोणतं कधी उघडायचं आणि कधी मिटायचं याचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. नियमन म्हणजे हेच. प्रस्तावनेत तू 2024 च्या नोबेलचा उल्लेख केला आहेस, अ‍ॅम्ब्रोस आणि रुव्हकुन यांचा. नुसता शोभेला. लिन-4 हा पहिला सूक्ष्म आरएनए 1993 मध्ये मातीतल्या जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका गोलकृमीत सापडला. तो बिघडला की अळी पुढच्या वाढीला जायचं सोडून आधीचीच अवस्था पुन्हा जगत राहते. तो शोध वेळेचा होता! पहिल्या पानावर त्यांचं नाव, आणि तक्त्यात वेळेचा पत्ता नाही.

शिवाय प्रौढ मादी म्हणजे नुसती मादी नव्हे. तिच्या गर्भाशयात हजारो भ्रूण आणि तयार अळ्या खचाखच भरलेल्या असतात. आख्खी मादी वाटून आरएनए काढलास, तर ते आईचं किती आणि पोटातल्या पिलांचं किती? हा विचार मनात आला का? अहवालात ‘भ्रूण’ हा शब्द एकदाही नाही. म्हणजे आला नाही.

आणि आरएनए कमी-जास्त दिसला म्हणजे नियमन कळलं असं नसतं. दिवा लागलेला दिसला, बटण कुठे आहे ते दिसलं नाही. जनुकाच्या पुढ्यातला क्रम दोन्ही जातींत काढायचा, शेजारी ठेवायचा, काय टिकलं आणि काय पुसलं ते बघायचं. ब्रुगियाचा जनुकसंच 2007 मध्ये प्रसिद्ध झाला, वुचेरेरियाचा 2013 मध्ये. दोन्ही फुकट मिळतात. तू एकदाही उघडले नाहीस.

थांब, मला माहीत आहे तू काय म्हणणार. ‘मॅडम, वुचेरेरियाची प्रौढ मादी मिळतच नाही.’ बरोबर. ब्रुगिया प्रयोगशाळेत जर्ड नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात वाढवता येते, वुचेरेरियाला माणूस लागतो. म्हणून जगातलं बहुतेक काम ब्रुगियावर झालं, आणि म्हणूनच ते इकडे लावताना दहादा तपासायचं. सेवाग्रामला डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी हत्तीरोगाच्या निदानावर वर्षानुवर्षं काम केलं, ते आपल्या विदर्भातल्या रुग्णांच्या रक्तातल्या वुचेरेरियाच्या मायक्रोफायलेरियापासून. दीडशे किलोमीटरसुद्धा नाही ते गाव. त्यांचा एकही शोधनिबंध तुझ्या यादीत नाही.

हत्तीरोग पथकाचे कर्मचारी रात्री आठनंतर दारोदार फिरून बोटाला सुई टोचतात, कारण दिवसा या अळ्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात. लोक झोपेतून उठून शिव्या देतात. तरी काचपट्टीवर नाव, वय, वेळ लिहिल्याशिवाय ते पुढच्या घरी जात नाहीत. तू एसी लॅबमध्ये बसून जंताची अवस्था लिहायला विसरलास.

तर ऐक. पहिलं पान फाडून टाक. मायक्रोफायलेरियाची तुलना मायक्रोफायलेरियाशीच कर, मिळेल तेवढीच जनुकं घे, दहा असली तरी चालतील. प्रत्येक नमुन्यापुढे अवस्था, लिंग आणि कोणत्या प्राण्यातून आला ते लिही. ‘निकटच्या असल्यामुळे’ हे शब्द पुन्हा दिसता कामा नयेत. विद्यापीठाची शेवटची तारीख मला माहीत आहे, तुझी काकुळतीला आलेली नजरही दिसते आहे.

हा घे अहवाल. मार्गदर्शकाच्या सहीची जागा मी कोरी ठेवली आहे.