सेवेचे फळ आणि सोडतीची चिठ्ठी

वाळवे तालुक्यातून आषाढीला पायी निघणाऱ्या माणसाला पुंडलिकाची कथा नव्याने सांगावी लागत नाही. आईबापांचे पाय चेपण्यात गढलेल्या मुलाने दारात आलेल्या देवाकडे वीट भिरकावली, सेवा आटोपेपर्यंत तिच्यावर उभे राहण्यास त्याला सांगितले, आणि देवही मुकाट्याने तिष्ठत राहिला, एवढे त्याला कळू लागल्यापासूनच ठाऊक असते. या कथेतील धार्ष्ट्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. परंतु तिच्यातील एका मौनाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्यांचे पाय चेपले जात होते त्या वृद्ध दांपत्याला त्याने कितपत उतार पडला, पुढे ती दोघे आपल्या पायांनी चंद्रभागेपर्यंत जाऊ लागली की नाहीत, याविषयी कथेत चकार शब्द नाही. सेवा घडली, देव थांबला, पंढरी वसली. पाय होते तसेच राहिले असले तरी कथेचे त्यात काही बिघडत नाही. कीर्तनात कोणी हा प्रश्न काढला तर बुवा त्याची टर उडवतील आणि ती उडवणे रास्तही ठरेल. मात्र गेलेली हालचाल परत मिळवून देणे, आणि ती मिळत नसेल तेथे उरलेल्या शक्तीवर माणसाला पुन्हा संसारात रुजू करणे, हे ज्या वैद्यकाचे काम, त्या पुनर्वसनवैद्यकाला नेमका याच प्रश्नापासून आरंभ करावा लागतो.

इस्लामपूर, म्हणजे आताचे ईश्वरपूर, हे तालुक्याचे ठिकाण. कचेरी, बाजारपेठ, रुग्णालये, जवळच साखराळ्याचा साखर कारखाना, आणि संभूआप्पा व बुवाफन या गुरुशिष्यांच्या नावाने भरणारा, हिंदू व मुसलमान दोघांनाही आपला वाटणारा उरूस, अशी या गावाची ठेवण आहे. या टापूत एखाद्या कर्त्या पुरुषाच्या किंवा घरातल्या म्हातारीच्या अंगावरून वारे गेले, म्हणजे पहिली धावपळ आता बहुधा दवाखान्याकडेच होते. गावात नाही जमले तर कऱ्हाड, सांगली किंवा मिरज आहे, आणि मिरजेला तर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय काढल्यापासून आजाऱ्याला गाडीत घालून नेण्याचा या भागाचा शिरस्ताच पडलेला आहे. प्राण वाचतो, सात-आठ दिवसांत घरी जाण्याची परवानगी मिळते, आणि खऱ्या अर्थाने दुखण्याला तेथून सुरुवात होते. सोप्यातल्या खाटेवर निजलेल्या त्या देहाचे कूस बदलणे, मलमूत्र, घास, आंघोळ हे सारे सुनेच्या, मुलीच्या किंवा बायकोच्या वाट्याला येते. कोणी तेल सांगतो, कोणी पारव्याचे रक्त सांगतो, कोणी नवस बोलतो. आणि ऐपत असेल तर व्यायाम देणारा फिजिओथेरपिस्ट काही दिवस मोटारसायकलवरून येऊन जातो, पुढे पैशाची ओढ लागली की तोही बंद होतो. मग जे उरते ते घरच्यांची माया आणि त्यांचे हात.

हे हात जर शिकवून तयार केले, तर तज्ज्ञांची उणीव भरून निघेल काय? प्रश्न साधा, आणि भारतासारख्या देशाच्या दृष्टीने अतिशय निकडीचा होता. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जयराज पांडियन, सिडनीचे रिचर्ड लिंडले आणि त्यांचे सहकारी यांनी तो कसोटीला लावला. २०१४ च्या जानेवारीपासून २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत देशातील १४ रुग्णालयांतून पक्षाघाताचे १२५० रुग्ण या प्रयोगात दाखल झाले. ज्याच्या घरी काळजी घेणारे कोणी माणूस आहे असाच रुग्ण घ्यावयाचा, अशी अट होती. त्यांपैकी सोडतीने निवडलेल्या ६२३ जणांच्या नातलगांना नेहमीच्या उपचारांखेरीज पद्धतशीर शिक्षण देण्यात आले: कसे बसवावे, कसे उभे करावे, रोजच्या कोणत्या कामाचा सराव घ्यावा, पुढचा टप्पा रुग्णाशी बोलून कसा ठरवावा, आणि हे शिक्षण रुग्णालयात सुरू करून घरी दोन महिन्यांपर्यंत चालू ठेवण्याची तजवीज केली होती. उरलेल्या ६२७ जणांना केवळ नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी, कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांनी प्रत्येकाचे मोजमाप केले. मोजपट्टी म्हणजे ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी १९५७ साली सुचवलेली व पुढे सुधारलेली श्रेणी: कोणतेही लक्षण नसेल तर शून्य, मृत्यू आला तर सहा, आणि तीनपासून पुढे माणूस परावलंबी. पुंडलिकाच्या आईबापांना या पट्टीवर कोणता आकडा मिळाला असता हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही, आणि तो आल्याबद्दल पांडुरंग रागावेल असेही मला वाटत नाही.

या साऱ्या व्यवहारात धर्मचिंतन करणाऱ्याला सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे सोडत. शेजारशेजारच्या खाटांवरचे दोन रुग्ण, दोघांचेही नातलग तितकेच व्याकुळ, आणि त्यांपैकी कोणाला शिकवावयाचे हे ठरवणार यंत्राने काढलेली एक चिठ्ठी! देवळात कौल लावताना निदान देवाच्या मर्जीचा आधार असतो. या चिठ्ठीमागे कोणाचीच मर्जी नाही, आणि नसावी म्हणूनच ती काढलेली. हा अन्याय नव्हे काय? शिक्षणाचा लाभ होतोच असे जर कोणाला निश्चित ठाऊक असते, तर ते दुसऱ्यापासून रोखणे हा अन्याय खचितच झाला असता. परंतु ते कोणालाच ठाऊक नव्हते, ठाऊक असल्याचा केवळ भास होता, आणि अशा भासावर कारभार चालवणे हाच, माझ्या मते, रुग्णांवरील मोठा अन्याय आहे. वैद्याने आपल्या अज्ञानाची कबुली देऊन आपला पक्षपात एका चिठ्ठीच्या हवाली करावा, यात मला तरी एक प्रकारचा विनयच दिसतो.

कर्मविपाक मानणारा यावर म्हणेल की चिठ्ठीदेखील प्रारब्धानेच पडते. खुशाल पडो. या पद्धतीची खुबी अशी की ती प्रारब्धाशी वाद घालीत नाही. साडेबाराशे माणसे सोडतीने दोन बाजूंना वाटली, म्हणजे वय, मधुमेह, रक्तदाब, गरिबी, जिद्द हे सारे दोन्हीकडे जवळपास सारखेच वाटले जाते. आणि पूर्वजन्मीचे संचित म्हणून काही असेल तर तेही त्यांच्याचबरोबर सारखेच वाटले जाते, मग त्याला मोजण्याची पट्टी कोणापाशी असो वा नसो. मुसलमान शेजारी ज्याला तकदीर म्हणतो तिचीही तीच गत. अशा रीतीने दैवाला न नाकारता हिशेबातून बाजूला काढता येते. आणि मग दोन्ही बाजूंत जो फरक उरेल तो उपचाराचा. ‘त्याचे भोग आहेत’ या वाक्याने आपल्याकडे शतकानुशतके अपंग माणसाविषयीची प्रत्येक चौकशी जेथे थांबत आली, तेथून पुढे जाण्याची ही वाट आहे, आणि तिच्यावरून जाण्यासाठी कोणालाही आपली श्रद्धा वेशीवर ठेवून यावे लागत नाही.

फरक मात्र काहीच उरला नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की, सहा महिन्यांनंतर मरण पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण शिकवलेल्या गटात शेकडा ४७ आणि न शिकवलेल्या गटातही शेकडा ४७ भरले.

एवढ्यावरून, घरच्यांच्या सेवेने काही होत नाही असे शास्त्राने सिद्ध केले, अशी हाकाटी करणे हे उतावीळपणाचे होईल. ज्यांना शिकवले नाही त्या ६२७ रुग्णांच्या घरी काय कोणी नव्हते? माणूस असल्यावाचून त्यांना प्रयोगात प्रवेशच नव्हता. त्यांनाही कोणी तरी उठवले, भरवले, न्हाऊ घातले, रात्री उशाशी बसून राहिले. पुंडलिक दोन्ही पारड्यांत होते. तेव्हा येथे तोलली गेली ती सेवा नव्हे. सेवेला थोड्या दिवसांच्या शिक्षणाची जोड दिली असता ती तज्ज्ञाच्या जागी उभी राहू शकते की नाही, एवढेच तोलले गेले, आणि त्या रूपात ती उभी राहत नाही असा निकाल आला. हे काम नातलगांच्या अंगावर सरकवणाऱ्या योजनांवर नवा पुरावा हाती येईपर्यंत पैसा खर्च करू नये, असा संशोधकांनी स्वतःच अभिप्राय दिला. आपल्याच कल्पनेविरुद्ध असा दाखला लिहून देणारी माणसे धर्मपीठांवर फारशी आढळत नाहीत.

या निकालापुढे आपल्या परंपरेतून एक उत्तर फार चटकन ओठांवर येते, आणि म्हणूनच त्याविषयी सावध राहिले पाहिजे. ते उत्तर असे की, फळाची आशा धरून सेवा करावयाचीच नसते. सबब फळ आले नाही यात खेद कसला? गीतेचा हा उपदेश करणाऱ्याला केलेला आहे, करवून घेणाऱ्याला नव्हे. जी सून पहाटे उठून सासऱ्याचे कपडे बदलते तिने स्वतःच्या मनाशी फळाचा विचार सोडला तर ती मोठी ठरेल. पण ज्या सरकाराने तालुक्याच्या रुग्णालयात पुरेसे व्यायामतज्ज्ञ नेमावयाचे, ज्या मुलाने त्यांचा खर्च उचलावयाचा, त्यांनी तिला निष्कामतेचे धडे देणे ही शुद्ध लबाडी होय. मुंबईत हाजी अलीच्या समुद्रालगत १९५५ सालापासून केंद्र सरकारची पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, पुण्यात कृत्रिम अवयवांचे केंद्र तर १९४४ सालापासून, युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी उभे राहिले. म्हणजे या विद्येची ओळख आपल्या राज्याला अलीकडची नाही. ती विद्या हमरस्ता सोडून सोप्यातल्या त्या खाटेपर्यंत पोहोचलेली नाही, आणि तिच्या गैरहजेरीची भरपाई आपण बायकांच्या मायेतून करीत आलो. माया हे औषध नव्हे असे ठरल्याने मायेला काहीच उणेपणा येत नाही. औषधाची जबाबदारी तिच्या खांद्यावर टाकून मोकळे झालेल्यांची कैफियत मात्र उघडी पडते.

याहून अवघड अशी एक गाठ राहतेच. आपल्या सेवाधर्माची सारी ओढ करण्याकडे आहे: घास भरवावा, गुंड्या लावाव्यात, हाताला धरून न्यावे. पुनर्वसनाची ओढ नेमकी उलट. अर्धे अंग लुळे पडलेल्या माणसाने सदऱ्याची एक गुंडी लावण्यास पाव घटका घेतली तरी ती त्यालाच लावू द्यावी, आमटी सांडली तरी चमचा त्याच्याच हाती ठेवावा, असे ही विद्या सांगते. आणि ते पाहणारी आळी म्हणते की सून नुसती बघत बसते. अमेरिकेत सात ठिकाणी मिळून २२२ रुग्णांवर झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, लुळ्या हाताच्या मनगटात व बोटांत थोडी हालचाल शिल्लक असलेल्या रुग्णांचा चांगला हात दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ मोज्यात कोंडून ठेवला आणि दुबळ्या हाताला कामाला जुंपले, तेव्हा त्या दुबळ्या हाताचे काम नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे सुधारलेले दिसले. मदतीचा हात, मग तो स्वतःचाच दुसरा हात का असेना, आवरून धरणे हाच तेथे उपचार होता. चौथ्या अध्यायात कर्मात अकर्म व अकर्मात कर्म पाहण्याची जी गोष्ट आहे, तिचा अर्थ लावताना भाष्यकारांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. मला तो त्या सुनेच्या आवरलेल्या हातात अधिक स्वच्छ दिसतो, कारण पुढे होऊन गुंडी लावून टाकण्यापेक्षा पाव घटका स्तब्ध राहण्यात तिचा स्वार्थ कमी आणि कष्ट अधिक आहेत. उलट करण्याच्या उत्साहाची परीक्षा २०१५ साली झाली ती पाच देशांतील ५६ रुग्णालयांत, २१०४ रुग्णांवर. झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आत रुग्णाला खाटेवरून उठवून वारंवार हिंडवावे हे हितकर असणारच, असा पुष्कळांचा समज होता. पण चांगला उतार पडलेले रुग्ण त्या गटात शेकडा ४६ निघाले, आणि नेहमीच्या बेताबेताने चाललेल्या गटात ५०. हेतूच्या शुद्धतेने कृतीचा परिणाम शुद्ध होत नाही, हे धर्मशास्त्राला कबूल करावयास जड जाते. खाटेवरच्या रुग्णाला मात्र ते कबूल करावेच लागते, कारण परिणाम त्याच्या अंगावर होतो.

राहता राहिली ती या प्रयोगांत सामील झालेली माणसे. संमतिपत्रावर सही करताना, किंवा उजवा हात गेल्यामुळे डावा अंगठा उठवताना, त्यांना वैद्याने सांगितलेले असते, निदान सांगितलेले असावयास हवे, की तुम्हाला यातून काही मिळेलच असे नाही, चिठ्ठी कोणत्या बाजूची निघेल हेही सांगता येत नाही, आणि जे काही कळेल ते बहुधा तुमच्या पाठीमागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. हे ऐकून ‘बरं’ म्हणणारा शेतकरी निष्काम कर्माची व्याख्या विचारली तर गोंधळेल, परंतु आपल्या देहाची सहा महिन्यांची अवस्था त्याने अनोळखी माणसांच्या हिशेबासाठी दिलेली असते, आणि या विशिष्ट प्रसंगी तर त्यातून निघाले ते एक नकारार्थी उत्तर, ज्याच्यामुळे कोणी बरे झाले नाही, फक्त एक चुकीची वाट बंद झाली. असल्या दानाची पोच देण्याचा शिरस्ता आपल्याकडे नीट पडलेला नाही. निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापून झाला म्हणजे काम संपले असे न मानता, तो त्या त्या घरी जाऊन, सोप्यात बसून, साध्या मराठीत, पंजाबीत, तमिळमध्ये सांगणे हे संशोधनाच्या नियमांत सक्तीचे असावे: की बाई, तुम्ही रोज घेतलेल्या त्या व्यायामाने आकडा बदलला नाही, न शिकवलेल्यांच्या घरीही तो तेवढाच राहिला. ऐकणारी कदाचित म्हणेल की आकड्यासाठी कोण करत होतं. तरीही तिला ते सांगितलेच पाहिजे. हिशेब तिच्याच कष्टांचा आहे.