ओढ बोलून दाखवावी काय?

करोल बाग ही दूरून आलेल्यांची वस्ती आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून उखडलेली कुटुंबे येथे विसावली. सरकारी नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी बिऱ्हाडेही त्यांच्या शेजारी रुजली. अशा वस्तीला विरहाची भाषा शिकवावी लागू नये. तरीही येथून मेट्रोने तिसरे स्थानक असलेल्या राजीव चौकात उतरून, हनुमान रोडवर २००९ साली उघडलेल्या सर्व्हांतेस संस्थेत जो स्पॅनिश शिकावयास जातो, त्यास तेथे स्नेहाची जी वाक्ये भेटतात, ती मराठी मनाला एक जुनाच प्रश्न विचारतात : ओढ ही केवळ वाटण्याची गोष्ट आहे, की बोलून दाखविण्याचीही?

आपली वाक्यरचना पाहावी. आपल्याला आठवण ‘येते’, माया ‘लागते’, कोणावाचून ‘करमत नाही’. यांत ‘मी’ कर्ता नाही. भावना आपण होऊन येते आणि आपण तिचे बिऱ्हाड तेवढे होतो. स्पॅनिशमध्येही ‘मे आसेस फाल्ता’ म्हणजे ‘मला तुझी उणीव भासते’, असा प्रयोग आहे. परंतु ‘ते एचो दे मेनोस’ या वाक्यात ‘मी’ पुढे येतो. व्युत्पत्तिकार त्याचे मूळ पोर्तुगीजमधील ‘उणे आढळणे’ या अर्थाच्या प्रयोगात शोधतात. पंगतीत पाने मोजताना एक पान कमी भरावे, तसा तो भाव. ‘ते किएरो’ तर उघडच ‘मी’चे वाक्य. त्यातील क्रियापदाचा दुसरा अर्थ ‘इच्छिणे’ आणि त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘शोधणे’. आई, मित्र, मूल या सर्वांना ते म्हणता येते. ‘ते आमो’ हे अधिक गाढ, बहुधा प्रियकर-प्रेयसीचे.

ज्या क्रियेला कर्ता आहे, ती करणे वा न करणे त्याच्या हाती असते; आणि जे हाती असते, तेथे कर्तव्याचा प्रश्न उपस्थित होतो.

यावर कोणी म्हणेल, आमचे प्रेम कृतीत असते. बोलून दाखविले की ते उथळ होते. यात तथ्य आहे. परक्या भाषेत तर शब्द फारच हलके होतात. आईसमोर जिभेवर न येणारे वाक्य स्पॅनिशमध्ये सहज उच्चारता येते, कारण त्या शब्दाला आपल्या घरची एकही आठवण चिकटलेली नसते.

पण कृतीचाही अर्थ लावावा लागतो. दरमहा पाठविलेले पैसे कर्तव्यबुद्धीने आले की मायेने, हे साताऱ्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आईने कशावरून ओळखावे? शिवाय आपण नेहमीच कोठे मौन पाळतो? माणूस गेल्यावर श्रद्धांजलीत आपण भरभरून लिहितो. ते ऐकण्याचा अधिकार ज्याचा, तोच तेव्हा नसतो. अशा संकोचाला संयमाचे नाव देणे मला योग्य वाटत नाही.

मराठीला येथे शब्दांचे दारिद्र्य नाही. ‘तुमच्यावर माझा फार जीव आहे’, ‘तुमच्यावाचून करमत नाही’, ही वाक्ये कोणाकडून उसनी घ्यावी लागत नाहीत. आपल्या जुन्या पत्रांत ‘पत्र लिहिण्यास कारण की’ असे लिहून पुढे काही कामकाज सांगण्याची रीत होती. आठवण आली, एवढे कारण त्या जागी पुरेसे आहे, असे मानावयास आपण शिकले पाहिजे.