व्याळी, निद्रा आणि स्वप्न

साधक दिवसभर आचाराच्या मर्यादेत राहतो. भिक्षा, अटन, विजन आणि स्मरण यांत त्याचा काळ जातो. परंतु रात्री डोळा लागला की मनावरचा लगाम सुटतो. ज्या घराचा त्याग करून तो निघाला त्याच घरात स्वप्नात वावरतो, नको ते बोलतो, नको ते इच्छितो. पहाटे जाग आल्यावर त्याला खंत वाटते. हा आचारातील दोष मानावा काय? आणि स्वप्नाचे मूळ जर सायंकाळच्या अन्नात असेल, तर झोळीत पडेल ते समभावाने सेवन करणाऱ्याकडे त्याचे उत्तरदायित्व कसे येते?

प्रथम अन्नाचा आणि निद्रेचा संबंध पाहिला पाहिजे. आयुर्वेदाने आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ मानले आहेत. यातील एक खचला की दुसऱ्यावर भार येतो. वाग्भटाने उदराचे चार भाग कल्पून दोन अन्नासाठी, एक द्रवासाठी व एक वायूसाठी मोकळा ठेवण्यास सांगितले, आणि रात्री दही वर्ज्य केले. तळलेले व स्निग्ध अन्न जठरात अधिक काळ राहते. असे जेवण करून लगेच आडवे झाल्यास आम्ल वर येते, छातीत जळजळ होते आणि झोप वारंवार मोडते. सायंकाळी उशिरा घेतलेल्या चहाचा अंमलही कित्येक तास टिकतो.

आता स्वप्नाचा विचार. १९५३ साली शिकागो येथील संशोधकांनी झोपेतील एका विशेष अवस्थेची नोंद प्रसिद्ध केली. तीत मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे जलद फिरत असतात. ठळक स्वप्ने बहुधा याच अवस्थेत पडतात, आणि रात्र सरत जाते तसा तिचा काळ वाढतो. या अवस्थेतून मध्येच जागा झालेल्याला स्वप्न स्पष्ट आठवते; जो गाढ झोपून उठतो त्याला ते बहुधा आठवतही नाही. म्हणून अन्न स्वप्न घडविते असे म्हणण्यापेक्षा, जड अन्न झोप मोडते आणि मोडलेली झोप स्वप्नाला स्मृतीत आणून बसविते, असे म्हणणे अधिक युक्त होय. स्वप्नातील विषय मात्र भाकरीतून येत नाही. तो जीवाने पूर्वी जोडलेल्या वासनांतून येतो.

येथे शंका उपस्थित होते. विषय वासनेचा आणि निमित्त अन्नाचे, मग साधकाचा दोष तो कोणता? याचे समाधान असे की, दोषाला इच्छा लागते. निद्रेत विवेक जागा नसतो, म्हणून स्वप्नात घडलेले कर्म जागृतीत केलेल्या कर्माच्या तोलाचे नव्हे. त्याची खंत करीत दिवस घालविणे म्हणजे एका स्वप्नापायी दुसऱ्या दिवसाचे स्मरण गमाविणे होय. परंतु झोपण्यापूर्वीचा प्रहर जागृतीतलाच असतो. भूक शमल्यावरही घेतलेली तिसरी भाकरी, जिभेच्या ओढीने मागून घेतलेला ठेचा, गप्पांच्या भरात लांबलेले जेवण, ही कर्मे साधकाने डोळे उघडे ठेवून केलेली असतात. प्रमाद तेथे आहे. स्वप्न त्याची केवळ खूण होय.

दुसरी शंका अशी. पथ्याच्या नावाने अन्न निवडू लागल्यास भिक्षाधर्मच लोपणार नाही काय? अनेक घरांचे अन्न एका झोळीत येते ते चवीचा भेद मिटावा म्हणूनच. ही शंका योग्य आहे. म्हणून विवेक पदार्थाच्या निवडीत नव्हे, तर प्रमाणात व वेळेत ठेवावा. काय मिळावे हे साधकाच्या हाती नाही. किती घ्यावे आणि केव्हा थांबावे हे त्याच्या हाती आहे. रोग्याचे पथ्य ही निराळी गोष्ट. तो रसनेचा लाड नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवान श्रीकृष्णांनी अतिभोजन व अनशन, अतिनिद्रा व अतिजागरण या दोन्ही टोकांचा निषेध करून युक्त आहार आणि युक्त निद्रा यांची सांगड घातली आहे, ती याच अर्थाने.

वासनिकांच्या बाबतीत संकट अधिक सूक्ष्म आहे. लग्नाच्या पंगतीत रात्री उशिरा तळण व मिष्टान्न पोटभर घेतलेल्या गृहस्थाला पहाटे भयंकर स्वप्न पडते. घरची माणसे घाबरतात, कोणी देवऋषाचे नाव सुचवितो, कोणी एखाद्या देवतेला नवस बोलण्यास सांगतो. उपदेश घेतलेला जीव अशा वेळी पोटातील अजीर्णासाठी अनन्यतेला मुकतो. चरकाने स्वप्नाचे सात प्रकार सांगून पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले व कल्पिलेले अशी पाच प्रकारची स्वप्ने निष्फळ ठरविली. भावी सुचविणारे स्वप्न त्याने मानले आहे खरे. परंतु तसे मानले तरी त्याचे भय घेऊन देवतेच्या दारी जाण्याचे कारण अनन्य भक्ताला उरत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर यांचा भेद ज्याने जाणला, त्याने भय वाटल्यास परमेश्वराचेच नाम घ्यावे, आणि दुसऱ्या रात्री मुगाची खिचडी खाऊन वेळेवर निजावे.

आश्रमात उपहार आणणाऱ्या सद्भक्तांनीही एवढे ध्यानात ठेवावे. त्यांची श्रद्धा निर्मळ असते, आग्रह प्रेमाचा असतो. परंतु रात्रीच्या आग्रहाने वाढलेली पुरणपोळी वृद्ध तपस्विनीच्या पहाटेच्या स्मरणाचा काळ हिरावून घेत असेल, तर त्या दानात उणेपण राहते. तोच उपहार दिवसा आणला तर दात्याचे प्रेम आणि साधकाचा आचार दोन्ही राखले जातात.

लीळाचरित्रात सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या दिनक्रमाचे वर्णन करताना आरोगणा, पहुड, उपहुड, व्याळी हे शब्द पुनःपुन्हा येतात. परमेश्वर अवताराचे जेवणे, निजणे आणि उठणेही स्मरणाचा विषय आहे. साधकाने रात्री घास घेताना स्वामींची व्याळी आठवावी आणि अंथरुणावर पाठ टेकताना त्यांचा पहुड आठवावा. असे स्मरण करीत जेवणाऱ्याचा हात आपोआप वेळेवर थांबतो. त्यानंतर जे स्वप्न पडेल ते पडो. उठल्यावर मुखी नाम यावे, एवढेच त्याने पाहावे.

॥ दंडवत प्रणाम ॥